एकतीस मेचं पान

माझ्या फोनवर रोज सकाळी सात वाजता टुणकन आवाज होतो आणि आजच्या तारखेला जगात पूर्वी काय काय घडलं त्याची यादी येते. नातवानं लावून दिलंय. "आजी, तुला आवडेल," म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, ही यादी ऐकतच मी मोठी झाले, आणि तीही दाढी खरवडण्याच्या आवाजासकट. त्याला काही कळलं नाही. तो मराठी बोलतो ते निम्मं तेलुगूत, वाचत तर नाहीच, आणि दाढी त्यानं राखलीय. तेव्हा हे प्रकरण त्याच्यासाठी नाही. ज्यांच्या घरात एखादी तारीख ठरता ठरली नाही, त्यांच्यासाठी आहे.

हैदराबादला नल्लकुंट्यात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. घरमालकीण सत्यम्मा पुढच्या बाजूला, आम्ही मागे, मध्ये अंगण आणि अंगणात एकच नळ. त्या नळावर एक तेलुगू आणि एक मराठी अशी दोन घरं रोज भांडत, आणि भांडण हैदराबादी हिंदीत होई, कारण दोन्ही घरांना येणारी दुसरी भाषाच नव्हती. सकाळी माय भाकऱ्या थापायची, अक्का स्टोव्हला पंप मारायची आणि नाना खिडकीत आरसा टेकवून दाढी करता करता आम्हाला दिवस वाचून दाखवायचे. नाना म्हणजे आमचे वडील, एका सरकारी कचेरीत कारकून. "आज अठरा एप्रिल," ते गाल फुगवून म्हणायचे. "सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानं जमीनदोस्त." "होऊ द्या," माय म्हणायची. "पाणी आलंय, बादली लावा." नाना बादली लावायचे आणि परत येऊन उरलेला गाल करायचे. भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी आणि एखादी लढाई, अशी आमची न्याहारी असायची. सगळ्यांच्याच घरी असं असतं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. शेजारच्या मुलीकडे एकदा सकाळी गेले तर तिचे वडील दाढी करताना नुसतेच गप्प होते. मला वाटलं, आजारी असतील.

हे सगळं यायचं नानांच्या वहीतून. लांबुडकी, जाड वही, तीनशे सहासष्ट पानं, एका तारखेला एक पान. चिक्कडपल्लीत आमचं मराठी वाचनालय होतं, त्याच्या दारातल्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम नानांकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं. तिथला इंग्रजी ज्ञानकोश, जुने अंक, वर्तमानपत्रं चाळून ते एकेक घटना गोळा करत आणि चिठोऱ्यांवर लिहून घरी आणत. जगाच्या गोष्टी निळ्या शाईत, आपल्या लाल. माझं अक्षर बरं म्हणून आठवीत असताना चिठोऱ्यांवरून वहीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे तेराव्या वर्षी मला कोणत्या तारखेला कोण बुडालं, कोण जळालं, कुणाचं राज्य गेलं, हे सगळं तोंडपाठ होतं. गणितात मात्र मी काठावर पास व्हायची.

घरात पंचांग नव्हतं. सत्यम्माच्या खिळ्याला तेलुगू पंचांगम् लटकलेलं असायचं आणि राहुकाळ लागला की ती नळावरसुद्धा यायची नाही. तेवढा वेळ नळ आमचा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा नानांनी मुहूर्त, शकुन, वारबीर सगळं एका झटक्यात सोडलं. त्यामागची गोष्ट ते क्वचित सांगत. नांदेडकडच्या आमच्या गावी लग्नाची तारीख विचारायला आजोबांना जोशाच्या ओट्याखाली उन्हात उभं राहावं लागे. जोशी वरून तारीख टाकायचा, ती झेलून घरी यायचं. "तारीख मागायला आता कुणाच्या ओट्याखाली जायचं नाही," नाना म्हणायचे. "सगळे दिवस सारखे." हे ते मनापासून म्हणायचे, आणि अक्काचं लग्न निघेपर्यंत ते खरंही होतं.

अक्का म्हणजे निर्मला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. ती वाचली, पण चेहऱ्यावर वण राहिले, खोल आणि भरपूर. आम्हाला ते दिसायचे नाहीत, बघायला येणाऱ्यांना तेवढेच दिसायचे. पाच स्थळं आली, पोहे खाल्ले, चहा प्यायली आणि "कळवतो" म्हणून गेली. कळवतो म्हणणाऱ्या माणसानं पुढे काही कळवल्याचं मी तरी आयुष्यात पाहिलेलं नाही. सहावं स्थळ प्रभाकरचं. कुकटपल्लीकडे एका कारखान्यात टर्नर होता, वडील किसनराव नांदेडला, रेल्वेतून निवृत्त झालेले. प्रभाकरनं अक्काकडे नीट पाहिलं, नजर चुकवली नाही, आणि विचारलं, "तुम्हाला मला काही विचारायचंय का?" असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. अक्का गोंधळून म्हणाली, "पोह्यात मीठ जास्त झालंय का?" तो म्हणाला, "झालंय. पण मी आणखी घेणार आहे." आणि त्यानं घेतले. त्यांच्याकडून होकार आला तो चार दिवसांत. अक्का भांडी घासताना गुणगुणायला लागली. एकदा मला जवळ ओढून म्हणाली, "रत्ने, हे नाही झालं ना, तर मी परत कुणापुढं बशी घेऊन जाणार नाही. कधीच." ती धमकी नव्हती. अक्का धमक्या देत नसे, ती फक्त काय होणार ते सांगायची.

किसनरावांनी निरोप धाडला होता की आपल्यात मुहूर्त-बिहूर्त काही नाही, मुलीकडच्यांनी तारीख काढावी, आम्ही वऱ्हाड घेऊन येतो. पोराला रविवारी सुट्टी असते, जमल्यास रविवार बघावा. इतकं सोपं होतं. नाना इतके खूश झाले की त्यांनी दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि मला म्हणाले, "रत्ना, वही आण." माय भाकरी थापता थापता थांबली. "वही कामून?" "अगं, एवढे दिवस आपल्या हातात आलेत. निवडायचा तर चांगला निवडू." झालं. तिथून आमच्या घराची साडेसाती सुरू झाली, आणि आम्ही साडेसाती मानत नव्हतो.

बारा एप्रिलला रविवार होता. त्या तारखेला पहिला माणूस अवकाशात गेला. नाना म्हणाले, "वा!" मग त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. त्याच तारखेला अमेरिकेत यादवी सुरू झालेली. "भावाभावांची लढाई," नाना म्हणाले. "लग्नाला बरं दिसत नाही." दहा मे, मेरठचा उठाव. नानांना उठाव मान्य होता, पण मांडवात नको होता. चोवीस मेला जगातली पहिली तार गेली, ही चांगलीच गोष्ट, पण महायुद्धात त्याच तारखेला इंग्रजांची भली मोठी युद्धनौका बुडाली होती. रविवार एकेक करत संपले तसे नाना बाकीच्या वारांकडे वळले. सहा मेला जर्मनांचं फुग्यासारखं अवाढव्य हवाई जहाज जळालं. एकोणतीस मेला एव्हरेस्टवर माणूस चढला, पण त्याच तारखेला पूर्वी कॉन्स्टँटिनोपल पडलं. चौदा मेचं पान मात्र त्यांनी वाचलंच नाही, तेरा झाली की थेट पंधरा. मला वाटलं, पानं चिकटली असतील.

दर आठवड्याला नांदेडला कार्ड जायचं, कचेरीच्या भाषेत. "सहा मे रोजी जर्मन हवाई जहाज जळाल्याचे आढळून आले आहे, सबब सदर तारीख रद्द समजावी." नांदेडहून उत्तर यायचं, "आमच्यापैकी त्या जहाजात कोणी नव्हते. तरी विचार व्हावा." सुरुवातीला सगळं हसतखेळत चाललं होतं. नळावर सत्यम्मा विचारायची, "क्या अम्मा, तारीख मिली?" माय म्हणायची, "नै मिली. सब तारीखां जल गए." "हमारा पंचांगम् लेलो ना, उसमें आठ मुहूर्तां हैं." माय रागानं बादली आपटत घरात यायची. एकदा तिनं नानांना सुनावलं, "तो जोशी बरा होता. वर्षाकाठी चार दिवस तरी टाकायचा. तुम्ही एक बी देईना झालात." नानांना ते फार लागलं. "मी शकुन बघत नाही," ते म्हणाले. "मी इतिहास बघतो." "मंग इतिहासाशीच लावा पोरीचं," माय म्हणाली.

मार्चात किसनराव स्वतःच आले. पांढरंस्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मायनं सकाळपासून कोंबडीचं कालवण रटरटत ठेवलं होतं. अक्का दाराआड उभी होती, तिचा पदर मला दिसत होता. किसनराव बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पाव्हणं, कोडं सुटलं. चौदा एप्रिल. जयंती." कुणाची जयंती, हे आमच्या घरात सांगायची पद्धत नव्हती. जयंती एकच. "ह्याच्याहून मोठा दिवस हाय का कुठला? हाय का कुणाची टाप नाही म्हणायची?" नानांचा चेहरा खुलला. "वा! हे आमच्या कसं ध्यानात आलं नाही!" इथे त्यांनी थांबायला पाहिजे होतं. मायनं डोळे वटारले, पण नाना पद्धतीचे माणूस. "रत्ना, पान काढ," म्हणाले, आणि मी काढलं. हे पाप माझंही आहे.

पहिली ओळ जयंतीची, लाल शाईत, वहीतल्या सगळ्यात मोठ्या अक्षरात. नानांनी ती वाचली. किसनरावांनी हात जोडले. आणि मग नानांनी, निव्वळ सवयीनं, दुसरी ओळ वाचली. "याच दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर नाटकगृहात गोळी झाडली गेली." किसनरावांचे हात तसेच जोडलेले राहिले. "याच दिवशी, कधीच बुडणार नाही म्हणून सांगितलेलं जहाज हिमनगावर धडकलं. याच दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन—" "अहो," माय म्हणाली. "—गोदी पेटली," नानांनी वाक्य पुरं केलं. अर्धवट वाक्य त्यांना चालत नसे.

"म्हणजे जयंतीचा दिवस अशुभ?" किसनरावांनी हळूच विचारलं.

"अशुभ मी म्हणतच नाही. मी शुभ-अशुभ मानत नाही. मी फक्त—"

"तुमच्या वहीत जयंतीच्या खाली जहाज बुडतं?"

"धडकतं," नाना म्हणाले. "बुडतं पंधराला."

किसनराव उठले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्या जोशानं आपल्या बापांना उन्हात उभं केलं," ते म्हणाले, "पण जयंतीच्या नावाखाली मढी मांडायची छाती त्याची बी झाली नसती. पोरगी चांगली हाय तुमची. पण ह्या घरात सोयरीक करावी का, हे आता बघावं लागंल. कळवतो." कोंबडीला हात न लावता ते निघून गेले. शेंगांची पिशवी तेवढी राहिली. अक्कानं कालवण उतरवलं, त्यावर झाकण ठेवलं आणि स्टोव्ह बंद केला. स्टोव्हचा आवाज थांबल्यावर घर किती शांत असतं ते मला पहिल्यांदा कळलं.

तीन आठवडे नांदेडहून कार्ड आलं नाही. अक्काचं गुणगुणणं बंद झालं. नाना दाढी मुकाट्यानं करायला लागले. एक दिवस वहीशी एकटी असताना मला चौदा मे आठवली. पानं चिकटलेली वगैरे काही नव्हती, त्या तारखेचं चिठोरं मात्र माझ्याकडे कधीच आलं नव्हतं. त्या पानावर एकच ओळ होती, नानांच्या जुन्या, माझ्या जन्माच्याही आधीच्या अक्षरात: इंग्लंडमध्ये देवीची पहिली लस टोचली. मी वही घेऊन मायकडे गेले. तिनं पीठ मळलेले हात तसेच ठेवले आणि खालच्या आवाजात सांगितलं. "तुझी अक्का चार वर्षांची होती. वस्तीत टोचणारे आले होते. मी म्हटलं, लेकराला टोचून घेऊ. तुझे नाना म्हणाले, आज तिला कणकण वाटतीय, पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला ती लिंबाच्या पाल्यावर पडलेली होती. ती उठली आणि ह्यांनी ही वही केली. तवापासून तारीख उलटीपालटी करून बघितल्याबिगर हा माणूस पाऊल उचलत नाही. त्यांना बोलू नको बरं." मी बोलले नाही. मला नानांची फार दया आली, आणि त्यांचा राग आला होता तोही गेला नाही. आज सत्तरीच्या आसपास येऊनही त्या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी बसलेल्या आहेत.

मग जयंती आली. पांढरे कपडे घालून आम्ही सगळे मिरवणुकीला गेलो, वंदना झाली, ओळखीच्या बायका अक्काला विचारत राहिल्या, "ठरली का गं तारीख?" आणि अक्का हसून "ठरंल की" म्हणत राहिली. घरी आलो. संध्याकाळी जेवायला बसलो तर रेडिओवर बातमी: चंद्राकडे निघालेल्या अमेरिकन यानात स्फोट झाला, आत तीन माणसं आहेत. ती माणसं पुढे सुखरूप परतली, पण त्या क्षणी ते कुणाला माहीत नव्हतं. नाना ताटावर ताठ झाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर तेज आलं. "बघा!" म्हणाले. "बघा! आज लग्न असतं तर?"

नानांनी डाव्या हातानं वही ओढली, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. इथे त्यांचा एक नियम सांगायला हवा. घटना जिथे घडली तिथली तारीख धरायची. अवकाशात घडली तर यान पाठवणाऱ्यांची. आदल्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आपल्याकडे एकवीस जुलै लागली होती, तरी नानांनी वीसच धरली आणि त्यावरून वाचनालयाच्या चिटणीसांशी दोन महिने अबोला धरला. स्फोट झाला तेव्हा अमेरिकेत अजून तेरा तारीख होती. "तेरालाच घालावं लागेल," नाना खिन्न होऊन म्हणाले. "नियम म्हणजे नियम." आणि त्यांनी पान मागे उलटलं.

अक्का वाढत होती. तिनं भाताचं भांडं खाली ठेवलं. "नाना," ती म्हणाली, "पाच जण माझं तोंड बघून उठून गेले. सहावा बसला. त्याला तुम्ही उठवलंत." "मला तो पाहिजे," अक्का म्हणाली. त्या काळी आमच्याकडे मुली असं बोलत नसत, बापासमोर तर नाहीच. माझा घास तोंडातच राहिला. "अगं, मी तुझ्यासाठीच थांबतोय," नाना म्हणाले. अक्काचा आवाज जराही चढला नाही. "माझ्यासाठी एकदा थांबला होतात, नाना. तेवढं पुरे झालं."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे. नाना ताटावरून उठले नाहीत. ताटात होतं ते सगळं त्यांनी सावकाश संपवलं, हात धुतला, वही मायच्या ट्रंकेत ठेवली आणि तिला म्हणाले, "कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडे राहू दे."

माझी परीक्षा संपली होती म्हणून नांदेडला जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. काचीगुड्याहून गाडी धरली. सगळ्या प्रवासात ते एकदाच बोलले, "उन्हाच्या बाजूला बसू नकोस." किसनरावांच्या घरी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. किसनराव ओट्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, पण उठले नाहीत. नाना ओट्याखालीच उभे राहिले, चपला घातलेल्या, टोपी हातात. "किसनराव, चुकलो," ते म्हणाले. "तुम्ही तारीख द्या. तुम्ही द्याल ती."

उन्हात उभ्या त्या माणसाकडे बघता बघता किसनरावांना काय दिसलं असेल ते त्यांच्याच वयाच्या माणसाला कळेल. ते एकदम धडपडत उठले, पायऱ्या उतरून खाली आले आणि नानांचं मनगट धरलं. "आधी वर या. आधी वर या तुम्ही. असलं काही करायचं नाही माझ्या दारात." त्यांच्या बायकोनं आतून गूळ आणि पाणी आणलं. जरा वेळानं किसनरावांनी चष्मा लावला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "पोरगा रविवारच म्हणतोय. आता उरला कुठला? हा घ्या. एकतीस मे."

एकतीस मे आम्ही कधीच बाद केली होती. एकतीस मेला अख्खं क्वेट्टा शहर भूकंपानं झोपेत गाडलं गेलं. मीच ते वहीत उतरवलं होतं. नानांचे ओठ हलले, मला दिसले. "चालेल," ते म्हणाले.

"वहीत बघा की एकदा," किसनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आता खोच नव्हती, नुसती गंमत होती.

"वही आणली नाही."

"पाठ असंल तुम्हाला. काय झालं होतं एकतीस मेला?"

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. "काही नाही," ते म्हणाले. "काहीच झालं नाही." माझ्या माहितीतलं त्यांचं हे पहिलं खोटं. मग आम्ही वांग्याचं भरीत आणि भाकरी खाल्ली, आणि नानांनी दोनदा भरीत मागून घेतलं.

लग्न वाचनालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत झालं, सकाळी दहाला. मांडव, वंदना, हार घालणं, झालं. बगारा भात, दालचा आणि बुंदी. ऊन असं की बुंदी हातातच पाघळत होती. प्रभाकरनं दालच्यात मीठ कमी आहे असं अक्काला सांगितल्याचं मी स्वतः ऐकलं, आणि अक्का इतकी हसली की मायनं तिला कोपरानं ढोसलं. नाना मात्र सबंध विधी मांडवाचा मधला बांबू दोन्ही हातांनी धरून उभे होते. लोकांना वाटलं, दमलेत. सत्यम्मा म्हणाली, "बैठ जाओ नाना, कुछ नै होता." नाना म्हणाले, "हौ हौ," आणि बांबू सोडला नाही. काहीच झालं नाही. दिवेलागणीच्या आत अक्का कुकटपल्लीला पोचली, तसा प्रभाकरच्या मित्राबरोबर निरोपही आला. तेव्हा कुठे नाना जेवले.

दोन दिवसांनी सकाळी ते पेपर घेऊन बसले होते. दाढी अर्धी झाली होती, फेस गालावर वाळत चालला होता. माय म्हणाली, "काय हो?" नाना म्हणाले, "काही नाही," आणि पेपराची घडी करून मांडीखाली ठेवली. ते उठल्यावर मी ती काढून पाहिली. दक्षिण अमेरिकेत, पेरू नावाच्या देशात, प्रचंड भूकंप झाला होता. डोंगरावरचा बर्फ सुटून खाली आला आणि एक अख्खं गाव त्याच्याखाली गेलं. रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास. रविवार म्हणजे एकतीस मे. त्या गावातल्या लोकांचं मला वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं, पण लाज सोडून सांगते, पहिलं मनात आलं ते हे, की आता नाना अक्काला घरी परत आणतील.

कचेरीतून आल्यावर त्यांनी मायकडून किल्ली मागून घेतली. त्यांनी वही काढली, माझा शाळेचा नकाशा मागितला, त्यावर पेरू शोधला, मग हैदराबाद शोधलं, आणि मधल्या उभ्या रेघांवरून बोट फिरवत तास मोजले. एकदा मोजले, परत मोजले. मग कागदावर मांडून पाहिले. साडेदहा तासांचा फरक निघाला. नंतर त्यांनी एक जूनचं पान उघडलं आणि मला लिहायला न देता स्वतःच्या हातानं, निळ्या शाईत, पेरूचा भूकंप तिथे उतरवला.

"नाना," मी म्हटलं, "तिथे तर एकतीसच होती."

"आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. एक तारीख लागलेली होती."

"पण जिथे घडलं तिथली तारीख ना? चंद्राच्या वेळी तर तुम्ही चिटणीसांशी—"

नानांनी ओळीवर टिपकागद ठेवला आणि तळहातानं नीट दाबला.

"लग्न इथं झालं," ते म्हणाले.